यंदा ताशा कोणाकडे?

अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकात सकाळपासून पाय रोवून उभ्या राहणाऱ्यांत एक वर्ग पथकवेड्यांचा असतो. पथक नजरेच्या टप्प्यात यायच्या आधी नुसत्या आवाजावरून ते कुठलं, हे ही मंडळी सांगतात. मागच्या वर्षी याच चौकात कोणी किती वेळ वाजवलं, कोणाची लय चढली, कोणाचे ध्वज एकमेकांत अडकले, सगळं त्यांच्या तोंडावर असतं. पथक समोर आलं की ढोलांच्या लांबच लांब रांगांवरून त्यांची नजर भराभर सरकते आणि पुढच्या ओळीतल्या ताशांवर येऊन थांबते. मग पहिला प्रश्न ठरलेला: यंदा ताशा कोणाकडे?

पथकाची ओळख नेमकी कशात असते, ते या प्रश्नात आहे. शंभर ढोलांवर एकदम टिपरू पडलं की छातीत जो धक्का बसतो, तो कुठल्याही पथकाचा बसतो. ताशाचं तसं नाही. ताशेवाल्याने काड्या उचलून पहिली तर्री धरली, की हा गडी कोणाच्या हाताखाली तयार झाला, हे जाणत्याला चार मात्रांत कळतं. कोणी तर्री बारीक आणि सलग ठेवतो, कोणी ती मध्येच तोडून ढोलाला जागा करून देतो, कोणी लय पोटात दाबून धरतो आणि शेवटच्या हाताला मोकळी सोडतो. ढोलवाले त्या काड्यांकडे बघत चालतात. ताशेवाला बदलला की पथकाची चाल बदलते, मग गणवेश, फेटे आणि ढोल तेच का असेनात.

पुण्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पहिल्यापासून असाच होता, असं आजच्या पोरांना वाटतं. तो इतक्या रांगांनी आणि शहरी हातांनी वाजायला लागला, त्याला मात्र एक पिढी-दोन पिढ्याच झाल्या. त्याआधी मिरवणुकीत बँड होते, सनई-चौघडा होता, नगारा होता, शाळांची लेझीम होती. प्रभात आणि दरबार ही बँडची नावं पुणेकरांच्या कानात आजही आहेत, आणि देवळाणकर बंधूंचा चौघडा, लोणकर बंधूंचा नगारा म्हटलं की विसर्जन मिरवणुकीचं चित्र डोळ्यांपुढं येतं. ढोल यायचा तो मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्याच्या बाजूने. शेतीची कामं आवरून गावची ढोल-लेझीम पथकं शहरात यायची, मंडळांची सुपारी घ्यायची, रात्रभर वाजवायची आणि परत जायची. त्यांच्या वादनात वाकून, उड्या घेऊन, गोलात फिरून वाजवायची जी मस्ती होती, ती शहरातल्या पथकांना अजून पुरती साधलेली नाही, असं माझं मत आहे.

हा ढोल सदाशिव पेठेतल्या शिकणाऱ्या मुलांच्या कमरेला बांधण्याचं मोठं श्रेय ज्ञान प्रबोधिनीकडे जातं. डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी 1962 साली प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलांनी पुस्तकात मान घालून बसू नये, रस्त्यावर उतरून शिस्तीने आणि अंग मोडून काही करावं, ही त्यांची धारणा. प्रबोधिनीच्या पथकात ढोल-ताशाबरोबर बरची आली, ध्वज आले, रांगा आल्या, इशाऱ्यावर थांबणं आलं. मंगळवार पेठेत किशाभाऊ पटवर्धनांनी 1979 साली उभी केलेली स्व-रूपवर्धिनी ही याच वळणाची संस्था. वस्तीतल्या मुलांना घडवता घडवता तिनेही पथक उभं केलं. मग शाळांची पथकं आली. नूमवि, रमणबाग, गरवारे ही नावं आज पुण्यात शाळांची म्हणून जितकी घेतली जातात, तितकीच पथकांची म्हणून. रमणबागेतलं न्यू इंग्लिश स्कूल चिपळूणकर, टिळक, आगरकरांच्या 1880 च्या शाळेचा वारसा सांगतं. ज्या लोकमान्यांनी हा उत्सव चौकात आणला, त्यांच्याच शाळेच्या नावाने त्या चौकात ढोल वाजतो, याचा तिथल्या माजी विद्यार्थ्यांना वाटणारा अभिमान मला रास्त वाटतो.

शाळा सुटली तरी पोरांचं पथक सुटेना. दहावीनंतर चार-सहा वर्षं वाजवून झालं, की त्यांतल्याच काहींनी आपलं वेगळं पथक काढलं. पुढे शाळेशी नातं नसलेली, सगळ्यांना खुली असलेली पथकं आली: शिवगर्जना, रुद्रगर्जना, समर्थ प्रतिष्ठान, श्रीराम, शिवमुद्रा, युवा, नादब्रह्म. नाटक-मालिकांतल्या मंडळींचं 'कलावंत' आलं. बँकेत काम करणारे, अभियांत्रिकीला शिकणारे, दवाखाना चालवणारे असे सगळे एका रांगेत उभे राहू लागले. मुलींनी तर पथकांचं रूपच पालटलं. सुरुवातीला ध्वज आणि झांज त्यांच्या वाट्याला यायची. आता ढोलाच्या रांगांत त्या बरोबरीने आहेत आणि कित्येक पथकांत पुढच्या ओळीतला ताशाही मुलीच्या गळ्यात असतो. पथकं इतकी झाली, की त्यांच्या अडीअडचणींसाठी ढोल-ताशा महासंघ उभा राहिला. पराग ठाकूर त्याचे अध्यक्ष म्हणून सर्वांना ठाऊक आहेत.

पथकाचं वर्ष आषाढात सुरू होतं. मुठेच्या पात्रात, म्हात्रे पुलाच्या आसपास आणि डीपी रस्त्याच्या बाजूला पत्र्याचे आणि ताडपत्रीचे मांडव पडतात. वाद्यपूजन होतं आणि संध्याकाळी सराव सुरू होतो. नव्या पोराच्या हाती लगेच ढोल देत नाहीत. आधी उभं राहायला शिकवतात, मग हात. पुण्याच्या पथकांत ठेक्याला 'हात' म्हणतात: पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. एका बाजूने टिपरू, दुसऱ्या बाजूने थापी. टिपरूने आवाज जातो लांब, थापीने त्याला घुमारा येतो. नवखा सगळा जोर टिपरूवर काढतो आणि थापी विसरतो. शिकवणारा त्याच्या पाठीमागे उभा राहून नुसता डावा हात धरतो आणि त्याच्याकडून थापी मारून घेतो. पंधरवड्यात तळहाताला फोड येतात, बोटांना चिकटपट्टी लागते, कानात कापसाचे बोळे जातात. खडकवासल्यातून पाणी सोडल्याचा निरोप आला, की सराव टाकून सगळे ढोल खांद्यावर घेऊन वर रस्त्याकडे धावतात. नदीपात्रात सराव करणाऱ्या पथकांना हे पावसाळ्यात चुकलेलं नाही.

जुन्या-नव्याचा सगळ्यात मोठा वाद पानांवरून चालतो. पूर्वी ढोलाची दोन्ही पानं चामड्याची असत. पाऊस आला की पान उतरायचं, दोरी ताणून ताणून हात सोलायचे, आणि तरी आवाज बसायचा तो बसायचाच. ताशाचं पान तर जाळावर शेकून चढवायचे. फायबरच्या पानांनी हा जाच संपवला. पावसात भिजत, ओल्या रस्त्यावर, तासन् तास वाजवता येऊ लागलं, आणि मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवसात गेली तरी ढोल बसेना. जुने जाणकार म्हणतात, आवाज मोठा झाला आणि गोडवा गेला. मला दोन्ही पटतं. फायबरचा टिपरूकडचा आवाज कोरडा आणि टोकदार आहे. लक्ष्मी रस्त्यावर दोन्हीकडच्या इमारतींत तो कोंडला की कान बधिर होतात. थापीच्या बाजूला चामडं ठेवणारी पथकं अजून आहेत. त्यांचा ढोल ऐकताना खालचा सूर पायांतून वर येतो, आणि तिथेच मी जास्त वेळ थांबतो.

वादनाची रचना हा जाणकारांच्या बोलण्यातला दुसरा विषय. स्थिर वादन वेगळं आणि चालतं वादन वेगळं. चौकात थांबून वाजवताना ताशेवाला मध्ये येतो, ढोल अर्धगोलात उघडतात, ध्वज मागून उठतात, टोलचा एकेक ठोका लय बांधून ठेवतो. संथ पहिल्या हाताने सुरुवात करून चढत चढत शेवटच्या हातापर्यंत जायचं आणि एका इशाऱ्यावर सगळं तोडायचं. त्या तोडीवर पथकाची परीक्षा होते. शंभर जणांतला एक हात जरी मागून पडला, तरी तो चौकाला ऐकू जातो. शिवस्तुती, भीमरूपी यांच्या छंदावर बांधलेल्या रचना आल्या, तेव्हा लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. पुढे प्रत्येकाने त्याच वाजवल्या आणि पथका-पथकांतला फरक पुसट झाला. अलीकडे वादनाला उभं राहिलं, की पुढचा हात कुठला हे आधीच सांगता येतं. ढोलांचा आकडा वाढवण्यात जी ईर्ष्या दिसते, ती नवा हात बांधण्यात दिसावी, एवढीच या पथकांकडून माझी अपेक्षा आहे.

अमेरिकेत ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे: फुटबॉलच्या मैदानावर तरुण मुलं पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडे घेऊन दहा-बारा मिनिटांचा बांधीव प्रयोग करतात. ड्रम कोअर इंटरनॅशनलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी झाली आणि कॅलिफोर्नियाचं अॅनाहाइम किंग्जमेन पथक जिंकलं. तिथले रसिकही आपल्या बेलबाग चौकातल्यांसारखेच वेडे आहेत. कुठल्या साली कोणाचा प्रयोग कसा होता, तो कोणी बांधला, पुढल्या साली तो बांधणारा कोणत्या पथकात गेला, यावर ते वर्षानुवर्षं वाद घालतात. तिथे वादकांना वयाची मर्यादा आहे. विशी ओलांडल्यावर लवकरच बाहेर पडावं लागतं, म्हणून पथकाची ओळख शिकवणारे आणि रचनाकार टिकवतात. त्यांची नावं जाहीर असतात, प्रयोगाला शीर्षक असतं, प्रत्येक वर्षाची नोंद असते. स्पर्धा आणि गुणांचा तक्ता आपल्या मिरवणुकीला शोभणार नाही, आणि तसं कोणी करूही नये. पण रचना बांधणाऱ्याचं नाव घेण्याची त्यांची रीत मात्र आपण उचलावी.

आपल्याकडे पथकप्रमुखाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. ताशाचे हात कोणी बसवले, हे मात्र पथकाबाहेर कोणाला कळत नाही. मग तो माणूस नोकरीसाठी बंगळुरूला जातो, लग्न होऊन संसारात अडकतो, कधी मतभेद होऊन दहा-वीस जणांसह बाहेर पडतो आणि नवं पथक काढतो. पुण्यातल्या पथकांची वंशावळ काढायला घेतली, तर ती बरीचशी अशा बाहेर पडण्यांचीच निघेल. फुटीबद्दल हळहळ वाटते, हे खरं. पण याच फुटींमुळे एका शाळेच्या आवारातलं वादन साऱ्या शहरात पसरलं. नवं पथक पहिल्या वर्षी जुन्याच हातांवर उभं असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला स्वतःची चाल सापडते, किंवा सापडत नाही.

2020 आणि 2021 या दोन वर्षी करोनामुळे मिरवणूकच निघाली नाही. ढोल मांडवात बांधून ठेवलेले राहिले. पथकांचं खरं नुकसान झालं ते शिकवण्याच्या साखळीत. जे 2019 ला शेवटच्या रांगेत शिकत होते, त्यांना 2022 ला एकदम पुढच्या ओळीत यावं लागलं, कारण मधली फळी कामाधंद्याला लागून पांगली होती. त्या वर्षीच्या मिरवणुकीत उत्साह उतू जात होता, पण लय धावत होती. चौकाचौकांत जाणकार हात खाली करून 'हळू, हळू' असं खुणावत होते.

आणि मग 2024. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ऑगस्टअखेर आदेश दिला, की एका पथकात 30 पेक्षा जास्त सदस्य नकोत. महिनोन् महिने सराव केलेल्या पोरांवर आभाळ कोसळलं. विसर्जनाला 5 दिवस उरले असताना, 12 सप्टेंबरला, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्या मर्यादेला स्थगिती दिली आणि ढोल-ताशा हे पुण्याचं काळीज असल्याचा उल्लेखही केला. पुण्यात पेढे वाटले जावेत असा तो दिवस होता. तरीही नदीकाठच्या सोसायट्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची तक्रार खोटी ठरत नाही. दोन महिने रोज संध्याकाळी डझनभर पथकांचा एकत्र सराव ऐकणं ही शिक्षाच आहे. पालिकेने सरावासाठी वस्तीपासून दूर, पुराचं पाणी न शिरणारी जागा कायमची नेमून द्यावी, ही पथकांची मागणी आणि त्या रहिवाशांची गरज एकच आहे.

पथकांनी स्वतःहून करण्यासारखी एक गोष्ट मात्र आजही हातात आहे. प्रत्येक पथकाने एक वही घालावी. त्या साली कोणते हात वाजवले, ते कोणी बसवले, पुढच्या ओळीत ताशा कोणाकोणाकडे होता, टोलवर कोण होतं, कुंटे चौकात आणि उंबऱ्या गणपती चौकात काय वाजवलं, टिळक चौकात शेवट कसा केला. मोबाइलवर चित्रफिती ढिगाने आहेत, पण त्यांत फेटे आणि ध्वज दिसतात. काड्या दिसत नाहीत आणि शिकवणाऱ्याचं नाव तर नाहीच. प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि, गरवारे इथे पहिल्या फळीत वाजवलेली माणसं आज साठीच्या पुढे-मागे आहेत. त्यांना अजून हात आठवतात; टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतात. पुढच्या आषाढात वाद्यपूजनाला त्यांना बोलवावं, त्यांच्याकडून जुने हात एकदा वाजवून घ्यावेत, आणि ताशेवाल्या पोरा-पोरींना त्या वेळी पुढ्यात बसवावं.