मध्यवयातील व्यवसायांतर : मनाची घडण

पस्तिशी-चाळिशीत रुळलेला व्यवसाय सोडून नवी वाट धरणाऱ्याकडे आपला समाज संशयाने पाहतो. सरकारी नोकरी सोडणारा तर वेडाच ठरतो. असा निर्णय ही क्षणिक लहर असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची मुळे जुनी असतात. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

बाबा जमीनदार घराण्यातील. वकिलीही चांगली चाललेली. तथापि मजुराच्या दिवसभराच्या घामाला काही आणे आणि वकिलाच्या घटकाभराच्या युक्तिवादाला भरघोस फी, ही विसंगती त्यांना बोचत होती. मिळकत व मूल्ये यांतील हे अंतर व्यवसायांतराचे पहिले कारण होय. पण केवळ असंतोषाने माणूस उठत नाही. तो कुरकुरत राहतो आणि यथाकाल निवृत्त होतो. बाबांनी नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना स्वतः मैला वाहिला, श्रमाश्रम चालविला. नवे जीवन त्यांनी आधी असे आजमावून पाहिले होते.

निर्णायक ठरले ते भय. रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून बाबा घाबरून दूर झाले. कोणालाही न भिणाऱ्या माणसाला स्वतःच्याच मनातील या भीतीने अस्वस्थ केले. ते परतले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. स्वतःविषयीची प्रतिमा अशी तडकली की, ती सांधण्यासाठी माणूस मोठे साहस करतो. मात्र बाबा भावनेवर विसंबले नाहीत. कलकत्त्यास जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा रुग्णांसह आनंदवनाचे काम सुरू केले. दोन लहान मुले कडेवर घेऊन साधनाताई सोबत होत्या. घरच्यांची ही साथ नसती, तर हा निर्णय टिकला असता काय, हे सांगणे कठीण आहे.

दुसरे व्यवसायांतर तेथील रुग्णांचे. ते मात्र लादलेले होते. घर, गाव आणि धंदा गमावलेल्या या माणसांनी विहीर खणली, शेती केली, पुढे विणकाम व सुतारकाम शिकून घेतले. औषधाने जंतू नष्ट होतात. गेलेला आत्मविश्वास त्यांना स्वतःच्या कमाईने मिळाला. येथे ग्रामपंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सुरुवातीस या शेतातील भाजीपाला घेण्यास गावकरी धजत नसत. म्हणजे नवा व्यवसाय शिकणाऱ्याची तयारी पुरेशी नसते. विकत घेणाऱ्याचेही मन बदलावे लागते.

साठीच्या उंबरठ्यावर, डिसेंबर १९७३ मध्ये, बाबांनी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प उभारला आणि तो डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या हाती सोपविला. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेला तो भाग १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे.