मोडक्या नानकटाईचा हिशेब

माझ्या हातच्या चकलीविषयी न बोललेलेच बरे. ती तेलात गेली की एक तर विरघळते, नाही तर अशी कडक होते की पाहुणे ती चहात बुडवून ठेवतात. आमच्या सासूबाईंची चकली मात्र सगळ्या पेठेत नावाजलेली. त्यामुळे 1983 साली मला नोकरी लागली आणि दिवाळीनंतर प्रत्येकाने घरचा फराळ ऑफिसात नेण्याची तिथली पद्धत कळली, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पहिली तीन-चार वर्षे मी सासूबाईंच्याच चकल्या नेल्या आणि वाहवा मुकाट्याने पदरात घेतली. पण वाचकहो, उसन्या कौतुकाने पोट भरत नाही. 1987 च्या दिवाळीत मी ठरवले, आपल्या हातचे काही तरी न्यायचे; आणि तेही असे, की ज्यात सासूबाईंशी तुलनाच होणार नाही. असा एकच पदार्थ मला येत होता. नानकटाई!

नानकटाईला तळण नाही, पाक नाही, सोऱ्याही नाही. लागतो तो हाताचा जोर. पाव किलो घट्ट साजूक तूप परातीत घ्यायचे आणि तळहाताने फेसत राहायचे. पिवळे तूप पांढरेशुभ्र आणि हलके झाले की त्यात पाव किलो पिठीसाखर घालून पुन्हा फेसायचे. मग चारशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, पन्नास ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर खायचा सोडा, वेलची आणि जायफळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाणी लागले की मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. एक किलोचा गोळा होतो. पंचवीस ग्रॅमची एक, म्हणजे बरोबर चाळीस नानकटाया.

त्या काळी आमच्याकडे ओव्हन नव्हता. पेठेतल्या बायका पीठ मळून बेकरीत नेत. भट्टी लाकडाची. पहाटेचे पाव निघाले की तिची आच उतरते, आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाई छान होते. पावाच्या आचेत ती वरून करपून आत कच्ची राहील. बेकरीवाला आपले पत्रे देई. आपण गोळे वळून, वर चारोळीचा दाणा दाबून, पत्रे ओळीत लावायचे आणि आपले कोणते ते लक्षात ठेवायचे. दिवाळीच्या आठवड्यात तिथे रेशनच्या दुकानासारखी रांग असे.

मी हिशेबाने गेले होते. ऑफिसच्या मस्टरवर 34 नावे. चाळिसातल्या सहा उरतील, त्यातल्या दोन सासूबाईंना, दोन ह्यांना आणि दोन मला. पत्रे बाहेर आले. वर सुरेख भेगा पडलेल्या, वास असा की रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. मला घरी जायची घाई. मी त्या तशाच उचलून डब्यात भरू लागले.

बेकरीवाला ओरडला, "ताई, थांबा! गरम नानकटाईला हात लावायचा नाही. थंड झाल्यावर धरते ती."

खरेच होते ते. तूप थिजल्याशिवाय नानकटाईला अंग येत नाही. तोवर माझ्या हातात सहांचा चुरा झाला होता. चौतीस धड आणि सहा मोडक्या! घरच्यांच्या नशिबी मोडक्या आल्या, असे म्हणत मी त्या एका छोट्या स्टीलच्या डबीत भरल्या. घरी पोचले तर सासूबाईंनी सांगितले, "आमच्यापुरते पुष्कळ आहे. तेही ऑफिसात ने."

भाऊबिजेनंतर ऑफिस उघडले. मधल्या सुट्टीत टेबले जोडली, वर्तमानपत्रे पसरली, डबे उघडले. चौतीस नानकटाया चौतीस हातांत गेल्या. साहेबांनी दुसरी आहे का, म्हणून विचारले. मी हवेत होते.

टेबले पुसायला मावशी आल्या. मावशी म्हणजे आमच्या मजल्याचा केर काढणाऱ्या. त्या कंत्राटदाराच्या माणूस. त्यांची हजेरी त्याच्या वहीत, आमच्या मस्टरवर नाही. म्हणजे माझ्या हिशेबातही नाही. मला एकदम डबी आठवली. "मावशी, ही घ्या. जरा मोडल्यात, पण चवीला छान आहेत." त्यांनी डबी कपाळाला लावली आणि "उद्या देते हं डबी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पोचण्याआधी डबी टेबलावर होती. लख्ख घासलेली; आणि आपल्याकडे दिल्या डब्याला रिकामे परत पाठवीत नाहीत, तशी भरलेली. आत पाच करंज्या होत्या. कडांना मुरड घातलेल्या, पाचही अखंड. मावशी दारातूनच म्हणाल्या, "फुटलेल्या पोरांनी खाल्ल्या बाई. तुमच्यासाठी धड बघून आणल्या."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरे झाले असते. उलट उत्तर तरी देता आले असते. सणाची वस्तू दुसऱ्याला देताना धड द्यायची आणि मोडकी आपण खायची, ही रीत मला सासूबाईंनी शिकवली होती. मावशींना ती पाळायला कुणी सांगावे लागले नव्हते.

इथवर सांगून थांबले असते तर मी बरी दिसले असते. पण पुढचेही सांगते. मधल्या सुट्टीत मी ती डबी टेबलावर ठेवली. शेजारच्या बाईंनी करंजी मोडली आणि म्हणाल्या, "काय पारी आहे! सासूबाईंच्या ना?" मी 'हो' म्हटले नाही, 'नाही'ही म्हटले नाही. करंज्या कुणाच्या हे कळले तर काही हात मागे होतील, हे मला ठाऊक होते. ते हात दिसू नयेत म्हणून मी गप्प बसले, की माझे कौतुक जाऊ नये म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. पाचही करंज्या संपल्या. मावशींनी रिकामी डबी पाहिली आणि विचारले, "आवडल्या का सगळ्यांना?"

"हो, फार आवडल्या," मी म्हटले. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्याकडे पाहवेना.

पुढच्या वर्षी मी मस्टर उघडलेच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारातून कोण कोण येते ते मोजले. मावशी, रात्रीचा पहारेकरी, चहाचा पोऱ्या, पाण्याचे पिंप भरणारा, जिना झाडणाऱ्या दोघी. चाळीस झाले. मोडतोड धरून दीडपट पीठ मळले आणि पत्रे पुरते निवेपर्यंत बेकरीच्या पायरीवर बसून राहिले. मावशींचे नावही विचारले. पाच वर्षे रोज पाहत होते आणि नाव ठाऊक नव्हते!

त्याही वर्षी डबी भरून आली. या खेपेस मी ती उघडून मोठ्याने म्हटले, "या आमच्या मावशींच्या हातच्या करंज्या." क्षणभर कुणीच बोलले नाही. एकाचा उपास निघाला, एकाचे पोट भरलेले निघाले. साहेबांनी एक उचलली, मग आणखी दोघांनी. दोन उरल्या. त्या मी घरी आणल्या आणि कुणाच्या ते सांगून सासूबाईंपुढे ठेवल्या. त्यांनी एक मोडली, पारी बोटांत धरून उजेडात पाहिली, खाल्ली आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे हो. खवा भाजलाय नीट. विचार तिला, पारीत रवा किती घालते."

सासूबाईंनी कुणाला कृती विचारावी, हे मी जन्मात प्रथमच पाहिले.

मी 2019 साली निवृत्त झाले. आता घरात ओव्हन आहे. एकशे साठ अंशांवर वीस मिनिटांत काम होते, रांग नाही की पत्रे नाहीत. नानकटाई सूनबाईच्या ऑफिसात जाते. ती संगणकाच्या कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत तिने मोजले, "आई, आमच्या टीमचे बारा."

"आणि दारावरचा?"

"गार्ड दर महिन्याला बदलतो हो."

"मग त्या महिन्याला जो असेल, त्याची."

ती हसली. मग थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिली आणि मैद्याचा डबा पुन्हा खाली काढला. नानकटाया ओव्हनमधून निघाल्या तेव्हा तिने घाईने एकीला हात लावलाच, चार मोडल्या. त्या आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्या उभ्याच खाऊन टाकल्या.