मास्कच्या काचेआडून चौकट

पाण्याखाली फोटो काढताना पहिली अडचण लेन्सची नसते, डोळ्याची असते. साध्या एसएलआर कॅमेऱ्यात पूर्ण चौकट दिसायला डोळा व्ह्यूफाइंडरपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर लागतो. पाणबुड्याच्या डोळ्यापुढे आधी मास्कची काच, मग पाणी, मग कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची, म्हणजे हाउसिंगची भिंत. मधला भाग दिसतो, कोपरे गायब होतात आणि छापलेल्या फोटोत माशाची शेपटी कापलेली निघते. निकॉनने एफ३ कॅमेऱ्यासाठी काढलेला ॲक्शन फाइंडर हा यावरचा सुरेख तोडगा होता. नेहमीचा प्रिझम काढून तो बसवला, की सुमारे ६ सेंटिमीटरवरूनही चारही कोपरे दिसत. बदलता येणारे प्रिझम आता जवळजवळ संपलेच, याची मला फार हळहळ वाटते.

१९६३च्या निकोनॉस या पाण्याखालच्या कॅमेऱ्याला हाउसिंग लागतच नसे, पण त्याचा व्ह्यूफाइंडर लेन्समधून पाहत नसे. जवळच्या प्रवाळाची चौकट सरकायची, अंतर अंदाजाने लावायचं.

आता बरेच जण डिजिटल कॅमेऱ्याची मागची स्क्रीन बघतात. उथळ पाण्यात, डोक्यावर ऊन असलं की ती फिकी पडते. तिथे हाउसिंगला जोडायचा ४५ अंशांचा फाइंडर कामी येतो. वाळूला टेकलेल्या माशाला समोरून टिपताना मान मागे मोडावी लागत नाही, वरून डोकावता येतं.