इंजिन ओरडतंय, तरी होडी पळत का नाही?

1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठली की रत्नागिरीच्या राजिवड्यापासून हर्णै, दाभोळपर्यंत होड्या पाण्यात उतरतात, आणि पहिल्या आठवड्यातच एक तक्रार कानावर यायला लागते: "इंजिन चालू होतं, आवाजही मोठा येतो, पण होडी उचलत नाही." मग कुणीतरी ठामपणे सांगतं, पिस्टन गेला. दुसरा म्हणतो, इंजिनच बदला. घरात आधीच दोन महिने कमाई नसते, त्यात हा खर्च. आम्ही पेशाने शिक्षक, मेकॅनिक नाही. पण वस्तीत राहून, मेकॅनिकांशी बोलून आणि थोडंफार विज्ञान शिकवून जे समजलं ते सांगतो. अशा तक्रारींत दोष दर वेळी इंजिनाच्या पोटात असतोच असं नाही. बऱ्याचदा तो होडीच्या बुडाला, पंख्याला किंवा पेट्रोलच्या नळीत असतो, आणि शोधायला पैशापेक्षा सबर जास्त लागतो.

इथे आपण फायबरच्या लहान होडीबद्दल बोलतोय, जिच्या मागच्या फळीला आऊटबोर्ड इंजिन अडकवलेलं असतं. मोठ्या ट्रॉलरचा हिशेब वेगळा.

आधी होडी "उचलते" म्हणजे काय ते बघू. हळू चालताना होडी पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की नाळेसमोर एक लाट उभी राहते, मागे दुसरी, आणि होडी या दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात अडकते. हा वेग होडीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. पाण्यात 25 फूट लांब असलेल्या होडीला तो साधारण 6.7 नॉट, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत-बाहेर. याच्या पुढे जायचं तर होडीला समोरच्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरत पळावं लागतं. ही चढण म्हणजे घाटच. गाडी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जशी रडते, तसं इंजिन इथे रडतं. एकदा वर आली की मग कमी ताकदीतही होडी पळते. म्हणून थोडीशी ताकद कमी पडली किंवा थोडंसं वजन वाढलं, तर वेग थोडासा कमी होत नाही. होडी घाटातच अडकते, नाळ आभाळाकडे आणि मागचा भाग पाण्यात. "काल पळत होती, आज एकदम काय झालं" याचं उत्तर बऱ्याचदा इथे आहे.

आता पहिला सवाल, आणि बाकी सगळी तपासणी याच्यावरच अवलंबून आहे: पूर्ण रेस दिल्यावर इंजिनाचे फेरे किती होतात? प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण रेसला किती फेरे हवेत ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ मिनिटाला 5000 ते 6000. फेरे मोजायचं छोटं मीटर मिळतं, प्लगच्या वायरला गुंडाळलं की आकडा दाखवतं. इंजिन खोलण्याच्या मजुरीपुढे त्याची किंमत काहीच नाही. मीटर नसेल तर कान वापरा. जुन्या तांडेलांचे कान मीटरपेक्षा कमी नसतात.

दोनच शक्यता आहेत. एक, फेरे भरपूर होतात, इंजिन किंचाळतं, पण होडी पुढे जात नाही. म्हणजे इंजिन ठीक आहे, त्याची ताकद पाण्यापर्यंत पोहोचत नाही. दोन, फेरेच चढत नाहीत, इंजिन दबल्यासारखं घुमतं. म्हणजे एकतर ओझं जास्त आहे, नाहीतर इंजिनाला ताकद कमी पडते. हा फर्क न करता जो थेट इंजिन खोलायला घेतो, तो अंधारात सुई शोधतोय.

पहिली शक्यता असेल तर पंख्याकडे जा. इंजिन बंद, सुरक्षा दोरी काढलेली, आणि मगच पंख्याला हात. हे पोरांना दहा वेळा सांगा. पंख्याच्या दांड्यावर जाळ्याचा तुकडा, नायलॉनची दोरी, प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली आहे का? आमच्या खाड्यांत प्लास्टिकला तोटा नाही. ती दोरी नुसती अडथळा करून थांबत नाही, आतलं ऑइल सील कापते. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधाळ दिसायला लागतं. तसं दिसलं तर होडी बाहेर काढू नका.

पंख्याच्या मधोमध एक रबरी बुश असतो. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावा म्हणून तो ठेवलेला असतो. हे रबर जुनं झालं की जोर पडल्यावर आतल्या आत सरकतं. हळू चालवा, सगळं ठीक. रेस द्या, इंजिन सुटतं आणि होडी तिथेच. तपासायची युक्ती सोपी आहे. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा, फेरी मारून या. रेघ तुटून दोन जागी गेली असेल, तर चोर सापडला.

तिसरं, पंखा पाण्याऐवजी हवा ओढतोय का? पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या बुडाच्या पातळीला किंवा इंचभर खाली हवी. खूप वर असेल तर पंख्यात हवा शिरते आणि तो फेसात फिरत राहतो. सेकंडहँड इंजिन घेताना ही गफलत खूप होते. आऊटबोर्डचे पाय लांब आणि आखूड अशा मापांत येतात, साधारण 15 इंच आणि 20 इंच मागच्या फळीसाठी. आखूड पायाचं इंजिन उंच फळीवर बसवलं की जन्मभर हीच कटकट.

आता दुसरी शक्यता, फेरे चढत नाहीत. इथे आम्ही सगळ्यात आधी वजन बघायला सांगू, कारण त्याकडे कुणीच बघत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे पोरं पाचवीत शिकतात. होडीच्या तळाला 100 लिटर पाणी साचलं असेल, तर दोन जादा माणसं बसवून नेण्यासारखं आहे. तेही मागे साचतं, जिथे होडी आधीच बसलेली असते. फळ्या उचला, कोपरे बघा.

पण साचलेलं पाणी निदान दिसतं. न दिसणारं पाणी जास्त वाईट. बऱ्याच फायबर होड्यांच्या तळाच्या बंद कप्प्यात फोम भरलेला असतो, होडी उलटली तरी तरंगावी म्हणून. फायबरला बारीक तडा गेला, किंवा स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं, की तो फोम वर्षानुवर्षं पाणी पीत राहतो. पावसात दोन महिने उघड्यावर पडलेली होडी तर विचारूच नका. उन्हात ठेवल्याने असा फोम सहज वाळत नाही. हे ओळखायचं कसं? होडी रिकामी असताना बाहेरून पाण्याची रेषा बघा. जुन्या रंगाच्या खुणेपेक्षा ती चार बोटं वर आली असेल तर वजन वाढलंय, दुसरा अर्थ नाही. नाहीतर किनाऱ्यावर ओढताना पूर्वी सहा जण पुरायचे आणि आता नऊ लागतात, हाही पुरावाच. तळाला मुठीने ठोकत जा: कोरडा कप्पा पोकळ वाजतो, भिजलेला भद्द. खात्री करायला फायबरचं काम करणाऱ्याकडून एक छोटं भोक पाडून घ्या. पाणी आलं, तर इंजिनवर रुपयाही घालू नका. आधी फोम काढा.

आमच्या ओळखीच्या एका घराने असाच एक सीझन घालवला. दोनदा कार्ब्युरेटर, एकदा प्लग आणि कॉइल, शेवटी सिलिंडर. होडी तशीच. मग कुणीतरी तळ ठोकून बघितला.

बुडाला चिकटलेलं शेवाळ, शिंपल्या आणि बार्नॅकल यांचंही तसंच. खाडीच्या कोमट पाण्यात होडी काही आठवडे न हलता उभी राहिली की बूड खरखरीत होतं, आणि असं बूड पाणी सोडत नाही, धरून ठेवतं. घासून काढा. इंजिनाच्या पाण्यातल्या पायावर आणि थंड पाणी ओढणाऱ्या जाळीवरही बघा. ती जाळी तुंबली तर इंजिन तापतं, आणि बरीच नवी इंजिनं तापली की स्वतःच ताकद कमी करतात. मागून येणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली असेल तर समजून जा.

वजन आणि बूड ठीक असेल, तर पेट्रोल. बंदीच्या आधी टाकीत राहिलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरणं ही आमच्याकडची जुनी सवय. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळी दमट हवेत अर्धी रिकामी टाकी राहिली, आत पाणी जमलं, की ठराविक प्रमाणानंतर इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं. नळी नेमकी तिथूनच ओढते. थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल बाजूला करा, गटारात किंवा खाडीत ओतू नका.

यापेक्षाही साधी गोष्ट: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल येत नाही, आणि पाच-दहा मिनिटांनी इंजिन दबायला लागतं. नळीवर जो रबरी फुगा असतो, ज्याला मेकॅनिक प्रायमर म्हणतात, तो चपटा झालेला दिसेल. एक चाचणी करा. एकाने सुकाणू सांभाळावं, पूर्ण रेसवर होडी अडखळली की दुसऱ्याने तो फुगा दाबत राहावा. तेवढ्यापुरती होडी उचलली तर इंजिन निर्दोष आहे, पेट्रोल पोहोचत नाही. नळी चिरलेली, जोड सैल, फिल्टर तुंबलेला, नाहीतर पंप कमजोर.

रेसची केबल राहिली. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण फिरवा आणि कार्ब्युरेटरची झडप खरोखर पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा. गंजलेली केबल अर्ध्यावर थांबते आणि आपण समजतो रेस पूर्ण दिली.

यानंतरच इंजिन. दोन सिलिंडरपैकी एक मेला तरी इंजिन चालू होतं, हळू चालतं, फक्त घाट चढत नाही. पूर्ण रेसवर चालवून इंजिन बंद करा, थोडं निवल्यावर प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी आणि दुसरा काळा-ओला असेल तर त्या सिलिंडरचं काम होत नाहीये. मग मेकॅनिककडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोघांत 15 टक्क्यांहून जास्त फरक आला तर "पिस्टन गेला" या बोलण्याला काही आधार आहे.

आणि सगळं ठीक असूनही फेरे कमी पडत असतील तर पंख्याचं पिच जास्त आहे. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर किती इंच पुढे जाईल ते माप. एक इंच कमी केलं की फेरे साधारण 150 ते 200 ने वाढतात. हलक्या होडीचा पंखा ओझ्याच्या होडीला लावू नका.

तपासणीची फेरी खाडीच्या आत घ्या, मुखाशी नाही. भाट्ये खाडीच्या तोंडाशी गाळ किती आहे ते राजिवड्यात लहान पोरालाही मालूम आहे. तिथे लाट मागून आली आणि होडीने उचललं नाही तर जीवावर बेतू शकतं. मोबाईलच्या जीपीएसवर वेग बघत असाल तर एकदा भरतीच्या ओढीबरोबर आणि एकदा विरुद्ध जा, दोन्हींची सरासरी काढा. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते, शक्यतो भांग बघा. माणसं, बर्फ, जाळी दर वेळी तेवढीच ठेवा. एका फेरीत एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख, फेरे, वेग लिहा. मेकॅनिककडे जाताना ती वही बरोबर न्या. "उचलत नाही" एवढंच सांगितलं तर तो इंजिन खोलणार. "पूर्ण रेसला 4200 च फेरे, फुगा दाबला तर 5000" असं सांगितलं तर तो आधी नळी बघेल.