डोळ्याचा पडदा दुखत नाही, म्हणूनच तपासावा लागतो

मधुमेहाचा विषय निघाला की वस्तीत एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. "मला सगळं नीट दिसतंय. मग डोळ्यांत थेंब टाकून अर्धा दिवस कशाला घालवू? रोजी बुडते." प्रश्न खरा आहे. हातावर पोट असणाऱ्याला अर्ध्या दिवसाची किंमत माहीत असते. म्हणून या वेळी आपण डोळ्याचा पडदा आतून कसा असतो ते पाहू. त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एक थर असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. एवढ्याशा थरात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. अंधुक उजेडात आपण दंडपेशींमुळे पाहतो. त्यांना अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की मुलांना रातांधळेपणा येतो, म्हणून ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या बाळांना दर सहा महिन्यांनी त्याचा डोस देतात. तो चुकवू नये. शंकुपेशी दिवसाच्या उजेडात काम करतात. रंग ओळखणे, अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे हे त्यांचे काम. या पेशींनी टिपलेला प्रकाश पुढच्या पेशींकडे जातो आणि शेवटी दहा लाखांहून अधिक तंतूंच्या जुडीतून मेंदूपर्यंत पोहोचतो.

आईच्या पोटात बाळ वाढत असते तेव्हा मेंदूचाच एक भाग पुढे येऊन हा पडदा तयार होतो. म्हणजे पडदा हा मेंदूचाच तुकडा आहे. त्वचा कापली तर नवी येते, हाड मोडले तर जुळते. पण माणसाच्या पडद्यातल्या पाहणाऱ्या पेशी एकदा मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

सगळ्या प्राण्यांचे असे नाही. आपल्या देशातल्या नद्या-ओढ्यांत झेब्रा मासा नावाचा बोटभर लांबीचा पट्टेरी मासा सापडतो. त्याच्या पडद्याला इजा झाली तर तो नव्या पेशी तयार करतो आणि पुन्हा पाहू लागतो. हे काम म्युलर पेशी करतात. एकोणिसाव्या शतकातल्या हाइनरिख म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव त्यांना दिले आहे. या पेशी माणसातही आहेत. त्या बाकीच्या पेशींना आधार देतात, पण नव्या पेशी बनवत नाहीत. २०१७ साली अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या म्युलर पेशींपासून पडद्यातल्या काही चेतापेशी तयार करून दाखवल्या. ही मोठी पायरी आहे. पण हे संशोधन अजून माणसाचा उपचार झालेले नाही. आज तरी आपल्याकडे आहे तोच पडदा सांभाळायचा आहे.

आता मधुमेहाकडे येऊ. पडद्याला प्राणवायू खूप लागतो आणि तो केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून येतो. या वाहिन्यांना बाहेरून बिलगून काही आधारपेशी असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्या आधारपेशी मरतात. वाहिनीची भिंत कमकुवत होते, जागोजागी फुगे येतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपते. काही वाहिन्या बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा मग नव्या वाहिन्या वाढवण्याचा संदेश सोडतो. नव्या वाहिन्या येतात खऱ्या, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. पुढे व्रण आकसतो आणि पडदा ओढला जातो.

हे सगळे होत असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही. वाचण्याची जागा, म्हणजे पडद्याचा मधला भाग, शाबूत असेपर्यंत नजरही चांगली वाटते. म्हणून "मला नीट दिसतंय" हे पडदा ठीक असल्याचे प्रमाण नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असेही होत नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत त्यांची नजर मंदावली होती, तरी त्यांनी लेखन सोडले नाही. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि जगातला पहिला लेसर तयार झाला तो १९६० साली. त्या काळात जे नव्हते ते आज आहे. लेसरने आणि डोळ्यातल्या इंजेक्शनने कच्च्या वाहिन्यांची वाढ रोखता येते, सूज कमी करता येते. पण हे उपचार मुख्यतः उरलेली नजर वाचवतात. मेलेल्या पेशी ते परत आणत नाहीत. म्हणून वेळेवर जाणे महत्त्वाचे.

तेव्हा एवढे करू या. घरात कुणाला प्रौढ वयात मधुमेह निघाला तर त्याच सुमारास पडदा तपासून घ्यावा आणि पुढे डॉक्टर वेगळे सांगत नाहीत तोवर दरवर्षी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीच्या महिन्यांतच तपासणी करावी. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात जाऊन "साखर आहे, पडदा तपासायचा आहे" असे स्पष्ट सांगावे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कुणाला तरी न्यावे आणि गाडी चालवू नये. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवावा, तंबाखू आणि विडी सोडावी. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके आले, चमक दिसू लागली किंवा पडदा ओढल्यासारखे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मध, अंगारा, जाहिरातीतले थेंब यांत वेळ घालवू नये.

वर्षातून अर्ध्या दिवसाची रोजी बुडेल, हे आम्ही नाकारत नाही. पण नजर गेली तर रोजची रोजी बुडेल. ज्यांच्या घरी साखरेची गोळी चालू आहे, त्यांनी हे पान वाचून झाल्यावर घरात एकच विचारावे, पडदा शेवटचा कधी तपासला?