पाणबुड्याचा परतीचा प्रवास

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर हे दोन्ही तेथून सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या नगरीची कीर्ती तिच्या थंड हवेमुळे, बागांमुळे आणि अलीकडच्या काळात संगणकाच्या व्यवसायामुळे झाली. समुद्राशी तिचे नाव कोणी जोडले नाही. असे असूनही सागरतळाचे वेड लागलेल्या माणसांची या पठारावर आज वाण नाही. पोहण्याच्या तलावात स्कूबाचे पहिले धडे गिरवावयाचे आणि सुट्टी मिळताच नेत्राणी बेटाकडे, अंदमानाकडे किंवा मालदीवकडे धाव घ्यावयाची, हा येथील कित्येक नोकरदार तरुण-तरुणींचा क्रम झाला आहे. पाण्यात कसे उतरावे याचा विचार त्यातील बहुतेकजण कसोशीने करतात. पाण्यातून घरी कसे परतावे हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आणि ज्याचे घर पठारावर आहे त्याच्या बाबतीत तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो.

या छंदाचा सर्वांत ऐसपैस प्रकार म्हणजे वस्तीच्या नौकेवरील सहल. इंग्रजीत अशा नौकेस ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. खेड्यात मुक्कामाला गेलेली एस. टी. जशी रात्री तेथेच राहते, तशी ही नौका प्रवाळांच्या रांगेजवळ नांगर टाकून दिवसचे दिवस समुद्रातच राहते. निजणे, जेवणे, हवेचे सिलिंडर भरून घेणे, सारे तिच्यावरच. किनाऱ्यावरून निघणाऱ्या होडीचा बराच वेळ जाण्यायेण्यात खर्ची पडतो. येथे जाग आली की पाणी पायाशीच असते. सकाळी एक बुडी, न्याहारीनंतर दुसरी, दुपारी तिसरी आणि कधी दिवेलागणीनंतर विजेरी हाती घेऊन चौथी, असा क्रम पाच-सहा दिवस चालतो. मालदीव, थायलंड, इंडोनेशिया यांच्या उबदार पाण्यात अशा नौकांचा आता मोठाच व्यवसाय उभा राहिला आहे.

या व्यवसायाचे मूळ मात्र शास्त्रीय शोधयात्रांत आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमील गान्याँ या दोघांनी असे यंत्र सिद्ध केले की, पाणबुड्याने श्वास ओढताच भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्यास मिळावी. किनाऱ्याशी किंवा नौकेशी बांधून ठेवणारी हवेची नळी त्यामुळे सुटली. पुढे १९५१ पासून कूस्तोची ‘कॅलिप्सो’ ही नौका समुद्र हिंडू लागली. आणि हान्स हास या ऑस्ट्रियन संशोधकाची ‘झारिफा’ ही शिडाची नौका १९५७-५८ मध्ये मालदीव आणि आपल्या निकोबार बेटांपर्यंत येऊन गेली. नौका हेच घर आणि नौका हीच प्रयोगशाळा, ही कल्पना त्या काळी रुजली. आजचा प्रवासी त्याच वाटेने सुट्टी घालवावयास जातो.

काही स्थळे अशी आहेत की, तेथे नौकेवर वस्ती केल्यावाचून जाण्यात अर्थच नाही. त्याचे उदाहरण महाराष्ट्रापुढेच आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर समुद्राखाली एक विस्तीर्ण प्रवाळभूमी आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून तिला आंग्रिया बँक म्हणतात. ती सुमारे ४० किलोमीटर लांब आहे. परंतु तिचा सर्वांत उंच माथाही पाण्याखाली सुमारे २० मीटर आहे. म्हणजे तेथे ना विसाव्याला बेट, ना पाय टेकावयास खडक. जेथे तळाचा सर्वांत उथळ भागच वीस मीटर खोल आणि किनारा एका दिवसाच्या वाटेवर, तेथे पाणबुड्याला काय काय सांभाळावे लागेल हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागते.

समुद्रसपाटीवर आपल्या देहावर हवेचा जो दाब असतो त्यास एक वातावरण असे म्हणतात. समुद्रात दर १० मीटर खोलीस आणखी एका वातावरणाची भर पडते. वीस मीटरांवर तो दाब तिप्पट होतो, आणि पाणबुडा जी हवा श्वासावाटे घेतो तीही तिप्पट दाबाचीच असते. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. प्राणवायू देह वापरून टाकतो. नत्रवायूचा त्याला काहीच उपयोग नसतो. तो रक्तात आणि रक्तावाटे मांस, मेद, सांधे यांत विरघळून राहतो. दाब जितका अधिक तितका वायू द्रवात अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री याने १८०३ साली मांडला. गोळी सोड्याची बाटली ज्याने पाहिली आहे त्यास हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. गोळी जागेवर आहे तोवर आतले पाणी नितळ दिसते. ती दाबताच दाब उतरतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात.

पाणबुडा वर येऊ लागला की त्याच्या देहावरील दाबही असाच उतरतो. तो सावकाश उतरला तर विरघळलेला नत्रवायू रक्तावाटे फुफ्फुसांत येऊन निमूटपणे बाहेर पडतो. घाई झाली तर त्याचे बुडबुडे होतात. रॉबर्ट बॉइल याने १६७० साली, हवा काढून घेतलेल्या पात्रात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिला होता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणताना दाबाच्या हवेत काम करणारे मजूर वर येताच वेदनांनी वाकून जात, आणि पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हाही १८७२ साली या विकाराने पंगू झाला. या दुखण्याचे मूळ नत्रवायूत आहे हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखविले. आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके जे. एस. हाल्डेन याने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केली. मिनिटाला सुमारे ९ मीटरांपेक्षा जलद वर येऊ नये, पृष्ठभागाखाली पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, हे आजचे शिरस्ते त्याच विचाराचे वंशज होत.

हाल्डेनचा आणखी एक विचार वस्तीच्या नौकेवर विशेष लागू पडतो. देहाचे सर्व भाग एकाच गतीने नत्रवायू घेत नाहीत आणि सोडतही नाहीत. ओला पंचा वाळत घातला तर तासाभरात सुकतो. गोधडी संध्याकाळपर्यंत दमटच राहते. रक्त हे पंचासारखे, मेद आणि सांधे गोधडीसारखे. एका बुडीत गोधडी फारशी भिजत नाही. परंतु दिवसातून तीन-चार वेळा, सलग पाच-सहा दिवस तिच्यावर पाणी पडत राहिले तर मधल्या रात्रीत ती पुरती वाळत नाही. सहलीच्या शेवटच्या दिवशी पाणबुड्याला अगदी प्रसन्न वाटत असते, आणि त्याच वेळी त्याच्या देहात साऱ्या आठवड्याची शिल्लक साठलेली असते.

ही शिल्लक घेऊन तो विमानात बसला तर काय होईल? उंच उडणाऱ्या विमानाच्या आत हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी राखलेला असतो. म्हणजे समुद्रातून वर आलेला माणूस आणखी दोन किलोमीटर वर चढतो. म्हणूनच २००२ साली अमेरिकेत तज्ज्ञांनी एकत्र बसून काही किमान अवधी सुचविले. थांबे न घेता करता येण्याजोगी एकच बुडी झाली असेल तर विमानापूर्वी १२ तास, आणि एका दिवसात अनेक किंवा अनेक दिवस बुड्या झाल्या असतील तर १८ तास थांबावे. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा दीर्घ बुडी असेल तर त्याहूनही बराच अधिक.

बंगळूरच्या रहिवाशाने येथे एक आकडा ध्यानी धरावा. या शिफारशी सुमारे ६०० मीटरांपासून पुढील उंचीसाठी केलेल्या आहेत. बंगळूर त्या रेषेच्या वर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे नऊ-दशांश भरतो. विमानाइतका तो कमी नसतो, आणि म्हणून धोकाही त्या मानाने कमी. परंतु दिशा तीच असते. मुरुडेश्वराहून होडीने नेत्राणीस जावे, रविवारी सकाळी दोन बुड्या माराव्यात, दुपारी जेवून मोटारीने मंगळूरमार्गे शिराडी घाट चढावा, तर सहा-सात तासांत सकलेशपूर, म्हणजे ९०० मीटरांची उंची गाठली जाते. रात्रीच्या बसने जाणाऱ्यास थोडा अधिक अवधी मिळतो, तरी १८ तास भरतातच असे नाही. विमानाचे तिकीट हाती नसल्यामुळे आपण उंचावर जात आहोत हे मोटारीत बसलेल्याच्या मनातही येत नाही. घाट हाही चढच आहे, आणि पाण्यातून निघालेल्या देहाच्या लेखी तो पृष्ठभागाच्या पुढचा चढ आहे.

योगायोग असा की, याच प्रश्नाची दुसरी बाजू अभ्यासणारी संस्था बंगळुरातच आहे. १९५७ साली स्थापन झालेली वायुदलाची वैमानिकी वैद्यकाची ही संस्था उंचावरील विरळ हवेचा मानवी देहावर होणारा परिणाम तपासते. दाब कमी करता येणाऱ्या बंद कोठ्या तेथे आहेत. फार उंच गेलेल्या वैमानिकाच्या अंगातही असेच बुडबुडे होऊ शकतात. एकजण खोलातून शून्यावर येतो, दुसरा शून्यावरून आकाशात जातो. देह मात्र दोघांचा एकाच नियमाने बांधलेला असतो.

या विकाराची खरी अडचण अशी की, तो पुष्कळदा साध्या थकव्याच्या वेषात येतो. खांदा किंवा कोपर ठणकते, त्वचेवर डाग उमटतात, बोटांना मुंग्या येतात, पाय जड वाटतो. माणूस म्हणतो, सामान उचलले म्हणून दुखत असेल, रात्रभर अवघडून बसलो म्हणून पाय भरून आला असेल. यात मोलाचे तास निघून जातात. बुडीनंतर काही तासांत, किंवा दिवसाभरात, अशी लक्षणे दिसली तर त्यांना प्रवासाचा शीण न समजता ताबडतोब वैद्याकडे जावे आणि आपण समुद्रात बुड्या मारून आलो आहोत हे आधी सांगावे. शुद्ध प्राणवायू देणे हा पहिला उपाय. आणि दाब पुन्हा वाढवून तो हळूहळू उतरविणाऱ्या कोठीत रुग्णास ठेवणे हा मुख्य उपाय. अशा कोठ्या मोजक्याच ठिकाणी असतात, आणि भर समुद्रातून तेथवर पोहोचावयास वेळ लागतो.

म्हणून वस्तीची नौका निवडताना तिच्या खोल्यांची शोभा पाहण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. प्राणवायूचा पुरेसा साठा नौकेवर आहे काय? आणीबाणीत रुग्णास किनाऱ्यावर कसे नेणार? रात्री कोणी जागे राहते काय? निजण्याच्या जागेतून बाहेर पडावयास दुसरी वाट आहे काय? शेवटचे दोन प्रश्न पाण्याशी संबंधित नाहीत असे वाटेल. परंतु २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या नौकेस पहाटेच्या अंधारात आग लागली, तेव्हा खालच्या मजल्यावर निजलेली ३४ माणसे दगावली. रात्री गस्त घालणारा कोणीही नेमलेला नव्हता.

नीट चालविलेल्या नौकेवर शेवटचा दिवस बुडीविना ठेवलेला असतो. प्रवाशांना तो कधी कधी वाया गेल्यासारखा वाटतो. नौका बंदराकडे वळलेली असते, ओले पोशाख दोरीवर वाळत असतात, आणि करण्यासारखे काही उरलेले नसते. वस्तुतः त्या दिवशी देह आठवड्याचा हिशेब चुकता करीत असतो. शनिवार-रविवारी नेत्राणीस जाऊन येणाऱ्यास हा दिवस कोणी आखून देत नाही. तो त्यानेच आपल्या रजेत धरावयाचा असतो. बुड्या शनिवारी आटोपून रविवार मुरुडेश्वराच्या किनाऱ्यावर काढावा आणि मग घाट चढावा, इतके केले तरी पुष्कळ झाले.