उभ्या ओळींची लिपी आणि फॉन्टमधले व्याकरण

मोंगोल लिपी वरून खाली लिहिली जाते आणि तिच्या उभ्या ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. चिनी आणि जपानी भाषांच्या पारंपरिक उभ्या लेखनात त्या उजवीकडून डावीकडे जातात, म्हणजे दिशा नेमकी उलट आहे. याचे कारण लिपीच्या वंशावळीत सापडते. सोग्दियन लिपीतून आलेली जुनी उइघुर लिपी मुळात उजवीकडून डावीकडे लिहिली जाई; ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळण फिरून उभी झाली, तेव्हा शब्दाचा आरंभ वर आणि पहिली ओळ डावीकडे गेली. ही लिपी चंगेझ खानाने १२०४ मध्ये जिंकलेल्या नैमान राज्याच्या मुद्राधिकाऱ्याकडून मोंगोलांकडे आल्याचे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. पुढे १५९९ मध्ये नुरहाची या मांचू नेत्याच्या आज्ञेने तीच लिपी मांचू भाषेसाठी योजली गेली, आणि १६३२ मध्ये दाहाई या विद्वानाने टिंबे व वर्तुळे जोडून तिच्यातली संदिग्धता बरीच कमी केली.

मोंगोल लेखनपरंपरेत अक्षराच्या अवयवांना मुकुट, दात, पोट, शेपटी आणि कणा अशी नावे आहेत. उभ्या कण्याला हे अवयव जोडत गेले की शब्द तयार होतो, आणि प्रत्येक अक्षराचे रूप ते शब्दाच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी येते यावर ठरते. अवयव मोजके असल्याने एकाच आकारावर अनेक ध्वनींचा भार पडतो: शब्दाच्या मध्ये येणारा ‘अ’, ‘ए’ आणि टिंबाविना येणारा ‘न’ हे तिन्ही केवळ एका दाताने लिहिले जातात. ‘लांब’ या अर्थाचा ‘उर्तु’ आणि ‘राजवाडा’ या अर्थाचा ‘ओर्दु’ हे शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. वाचक संदर्भावरून ते ओळखतो आणि त्याला त्यात काही अडचण वाटत नाही.

अडचण संगणकाला येते. सप्टेंबर १९९९ मध्ये युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत ही लिपी समाविष्ट झाली तेव्हा प्रत्येक आकाराला नव्हे, तर प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र सांकेतांक देण्याचे ठरले. हुदुम म्हणजे रूढ मोंगोल, १६४८ मध्ये झाया पंडिताने ओइरात मोंगोलांसाठी रचलेली तोदो, शिबे, मांचू, आणि संस्कृत-तिबेटी शब्दांच्या लिप्यंतरासाठी १५८७ मध्ये अयुष गुश याने सिद्ध केलेली गालिक अक्षरे हे सारे एकाच विभागात बसवले गेले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्ध दिसतो, परंतु त्याची किंमत फॉन्टला आणि पर्यायाने सामान्य लेखकाला मोजावी लागली.

या व्यवस्थेत फॉन्टने केवळ आकारांचा साठा करून भागत नाही. त्याला भाषेचे व्याकरण पाळावे लागते. ‘न’च्या पुढे स्वर असेल तर टिंब द्यायचे, व्यंजन असेल तर नाही. ‘ग’चे रूप शब्दातले स्वर पुल्लिंगी मानले जाणारे ‘अ, ओ, उ’ आहेत की स्त्रीलिंगी मानले जाणारे ‘ए’ इत्यादी आहेत यावर ठरत असल्याने फॉन्टला कधी कधी संपूर्ण शब्द चाळावा लागतो. काही शब्दांत शेवटचा ‘अ’ किंवा ‘ए’ बारीक फटीने वेगळा उभा राहतो, पण शब्द मात्र एकच असतो. या फटीसाठी विशेष अदृश्य चिन्ह आहे, आणि ते चिन्ह मोकळी जागा नसून केवळ मांडणीचे चिन्ह आहे हे युनिकोडने २०१३ मध्ये मान्य केले. नियमाने न मिळणारे रूप हवे असल्यास लेखकाला रूपनिवडीचे आणखी एक अदृश्य चिन्ह टंकावे लागते. कोणत्या चिन्हाने कोणते रूप यावे याविषयी फॉन्टनिर्मात्यांत दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती, म्हणून एका फॉन्टमध्ये शुद्ध दिसणारा मजकूर दुसऱ्यात अशुद्ध दिसे.

याहून गंभीर हानी शोधाची झाली. ‘ओर्दु’मधले दोन्ही स्वर आणि त व द यांतली निवड लक्षात घेता तोच आकार आठ वेगवेगळ्या सांकेतांक-क्रमांनी टंकता येतो; पडद्यावर तिळमात्र फरक दिसत नाही, पण शोधयंत्राला ते आठ निराळे शब्द वाटतात. चूक दिसतच नसेल तर ती दुरुस्त कोण करणार? या त्रासामुळे अंतर्मंगोलियात खासगी सांकेतांकांत थेट आकार साठवणारी सॉफ्टवेअरे दीर्घकाळ टिकली. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत अडकलेला मराठी छपाईचा मजकूर ज्यांनी हाताळला आहे, त्यांना त्या सोयीमागची अगतिकता आणि तिचे परिणाम दोन्ही समजतील.

मांचूचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिच्या टिंबा-वर्तुळांमुळे ध्वनी बरेच स्पष्ट होतात, पण तिची अक्षरे सांकेतांकांत सलग नाहीत: काही मोंगोलकडून, काही शिबेकडून घेतलेली, तर थोडीच खास मांचूची आहेत. त्यामुळे मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे फॉन्टला कळले नाही तर सामाईक अक्षरांना मोंगोल नियम लागून शब्द बिघडतो. चिंग राजवटीची अफाट मांचू कागदपत्रे बीजिंगच्या अभिलेखागारात आहेत, आणि १७६४ मध्ये शिनच्यांगच्या सीमेवर पाठवलेल्या शिबे सैनिकांचे वंशज मांचूच्या जवळची भाषा अजून लिहितात. इतक्या मोठ्या वारशाला चांगले फॉन्ट इतके थोडे असावेत हे खेदाचे आहे.

बहुतेक फॉन्टांत ही अक्षरे आडवी निजवून रेखलेली असतात आणि मांडणी करणारी प्रणाली ती घड्याळाच्या दिशेने उभी करते. मात्र पूर्ण आडवे पान तसेच फिरवले तर ओळी उजवीकडून डावीकडे लागतात, म्हणून ओळींचा क्रम स्वतंत्रपणे उलटावा लागतो. वेबपानांच्या मानकांत आज त्याची सोय आहे. अनेक साध्या लेखन-प्रणालींत ती अजूनही नाही, आणि तिथे मोंगोल मजकूर आडवा पडलेलाच वाचावा लागतो.

विंडोज व्हिस्टाबरोबर आलेला ‘मंगोलियन बाइती’ आणि गूगलचा मुक्त ‘नोटो सान्स मंगोलियन’ यांनी फॉन्टची उपलब्धता वाढवली. २०२१ मध्ये रूपनिवडीचे चौथे चिन्ह मंजूर झाले, आणि अक्षररूपांचे नियम तपशीलवार मांडणारी तांत्रिक टिपणीही युनिकोडने प्रसिद्ध केली, त्यामुळे निरनिराळ्या फॉन्टांना एकच नियमावली पाळण्याचा आधार मिळाला. १९४० च्या दशकात सिरिलिककडे वळलेल्या मंगोलियाने २०१५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून शासकीय दस्तऐवज दोन्ही लिपींत ठेवण्याचे बंधन घातले आहे. असे दस्तऐवज छापून भागत नाही, ते कित्येक वर्षांनंतर नावाने शोधताही यावे लागतात, आणि त्यासाठी दिसायला सारखे पण सांकेतांकांत वेगळे असलेले शब्द टंकतानाच ओळखणारे कळफलक व शुद्धलेखन-तपासनीस फॉन्टच्या जोडीने तयार व्हावे लागतील.